दहाव्या खिळ्यावरची पाटी

१

शुक्रवारी सकाळी करावे गावात चांगदेव तांडेलच्या ओट्यावरची ती पाटी आणखी एक खिळा वर चढली. चांगदेवला जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते.

ही फळी साऱ्या गावाला पाठ होती. सागवानी लाकूड, त्यावर वरून खाली दहा खिळे, आणि प्रत्येक खिळ्यावर पत्र्याची एक पाटी. पाटीवर ऑइल पेंटने सिनेमाचं नाहीतर मालिकेचं नाव. जुनं, नवं सगळं एकाच फळीवर. पाटीच्या मागे, हा नंबर का दिला त्याचं एक वाक्य आणि तारीख. चांगदेव पावण्याच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर पंचवीस वर्षं होता. तिथले भंगार पत्र्याचे तुकडे घरी आणायचा आणि त्यांच्या पाट्या करायचा. लोक आधी ही फळी वाचायचे, मग तिकीट काढायचे. पुतण्या धनेश दर शुक्रवारी तिचा फोटो काढून इंटरनेटवर टाकू लागला, तेव्हापासून तर पार अमेरिकेतली माणसं या फळीवरून एकमेकांशी भांडत होती.

भांडणाचीही रीत ठरलेली होती. नंबर पटला नाही तर ओट्यावर यायचं, चांगदेवच्या शेजारी बसून तो सिनेमा पुन्हा बघायचा आणि तोंडावर भांडायचं. पटलं तर पाटी वर. असं कोणी भांडायला आल्याशिवाय चांगदेवने आयुष्यात एक पाटी वर चढवली नाही.

आता मात्र ती चढत होती, आणि भांडायला कोणी आलेलं नव्हतं. गेले आठ शुक्रवार एक एक खिळा करत ‘मिठागर नंबर चार’ नावाच्या मालिकेची पाटी दहाव्यावरून दुसऱ्या खिळ्यावर आली होती. ओट्याच्या जाळीला आतून कुलूप होतं. गावाने निकाल देऊन टाकला, चांगदेव गेलेला नाही.

ही मालिका लिहिली होती चांगदेवच्या एकुलत्या एका मुलीने, योगिनीने.

"अमिता, तू जा आणि बघ," योगिनी नेरूळच्या आपल्या फ्लॅटमध्ये चहाचा कप तसाच धरून बसली होती. "कोणीतरी माझी टिंगल करतंय. नाहीतर कीव करतंय. दोन्ही मला नकोय."

"आणि बाबाच असतील तर?" अमिता म्हणाली. गंमत म्हणून म्हणाली, पण योगिनीच्या अंगावर काटा आला तो तिला स्पष्ट दिसला.

"बाबाने तीन वर्षं मला शेवटच्या खिळ्यावर टांगलं. फळीवरच्या सगळ्या पाट्या बदलल्या, माझी मात्र तिथंच. धनेश म्हणाला, मागे कारणसुद्धा नाही, कोरा पत्रा! मी फोन केला. म्हटलं, बाबा, का ते तरी लिही. तर म्हणतो, ‘हां हां, जेवलीस काय?’ तीन वेळा विचारलं, तीन वेळा तेच उत्तर. मी फोन ठेवला तो कायमचाच." तिने कप खाली ठेवला. "सोमवारी चॅनलला उत्तर द्यायचंय, पुढचं पर्व लिहिणार की नाही ते. मी नाहीच म्हणणार आहे. दोन महिन्यांपूर्वीच ठरवलंय. तुला आणि आईला सोडून कोणाला बोलले नाहीये. बाप म्हणाला, पोरीला लिहिता येत नाही. त्याच्यापेक्षा सिनेमा जास्त कळणारं माणूस मी अजून पाहिलं नाही. मग?"

अमिता सुतार शिरवण्याची. धंदा सबटायटलं लिहिण्याचा. पडद्यावर दार करकरलं, कुत्रं भुंकलं, कोणी उसासा टाकला, सगळं ती खाली अक्षरांत लिहून द्यायची. दिवसभर कान टवकारून बसणं हेच तिचं काम. गुप्तहेर वगैरे ती मुळीच नव्हती. पण मैत्रीण लिहिणं सोडतेय हे तिला सहन होत नव्हतं, म्हणून तिने चपला घातल्या.

२

धनेश फळीसमोरच भेटला. हातात मोबाइल, चेहरा सुतकी, डोळे मात्र चमकत होते.

"काकाच हाय, ताई. मी सांगतो ना. फॉलोअर डबल झाले आपले."

"चावी कोणाकडे असते जाळीची?"

"एक माझ्याकडं, एक काकीकडं. पन माझ्यावर डाऊट घेऊ नको हां. मी काय करनार? रोज लोकं मेसेज टाकतात, नवीन पिक्चरला नंबर द्या. काकाने येनाऱ्या पिक्चरच्या पाट्या पन रंगवून ठेवल्यात. तो बघ बिस्किटाचा डबा. पंधरा पाट्या हायत. चार तर रिलीज होऊन पडलेपन. मी हात नाय लावला. भुताच्या कामात आपुन कशाला पडायचं?"

अमिताने डबा उघडला. पाट्यांवर धुळीचा एकसारखा थर होता, बोटाचा ठसा म्हणून नव्हता.

"कॅमेरा का नाही लावलास?"

"लावला आनि मानूस दिसला तर?" धनेश प्रामाणिकपणे म्हणाला. "मंग संपलाच ना सगळा."

तिने त्याच्याकडून आठ शुक्रवारांचे फोटो मागून घेतले.

समोरच्या घरातली गोजराआजी सुकट निवडत बसली होती. कोणी विचारतंय याची ती वाटच बघत होती.

"रोज दुपारी तीन वाजले का त्याच्या खोलीत टीवी लागतो. खिडकीतून उजेड दिसतो भिताडावर हालताना. आवाज नाय! जित्या मानसाचा टीवी कवा मुका असतो काय? मी तर त्या वख्ताला दार लावून घेते."

"चांगदेवकाका गेल्यापासून?"

"तवापासूनच... नाय गं, थांब." गोजराआजीचा हात सुपात थांबला. "आधीपन नव्हता आवाज. पाच-सा वर्सं झाली. त्याच्या आधी लय मोठा लावायचा, आलीतली सगली घरं थरथरायची. मी भांडले, कमी कर रे मेल्या. मंग एक दिस गप झाला, तो गपच. मना वाटला, माझा ऐकला त्याने."

अमिताने घड्याळ पाहिलं. तीनला पाच मिनिटं कमी होती. ती घराच्या बाजूने मागे गेली. खाडीकडून ओहोटीच्या चिखलाचा वास येत होता आणि ओट्यावरच्या पाट्या वाऱ्याने एकमेकींवर हळूच आपटत होत्या.

खिडकीचं एक दार किलकिलं होतं. आत अंधार. मग निळसर उजेड पेटला. वेताची आरामखुर्ची टीव्हीसमोर मांडलेली, तिच्या हातावर धुतलेला टॉवेल नीट घडी घालून ठेवलेला. खुर्चीत कोणी नव्हतं. पडद्यावर दोन बाया ओठ हलवत होत्या आणि त्यांच्या पायाशी पांढरी अक्षरं येत होती, जात होती.

ती अक्षरं अमिताने स्वतः लिहिलेली होती. रिकाम्या खुर्चीसमोर ‘मिठागर नंबर चार’ चालू होती.

३

ती पुढे आली आणि तिने दार वाजवलं. बऱ्याच वेळाने पुतळाकाकींनी दार उघडलं. साठी ओलांडलेली, काटक बाई. चाळीस वर्षं मासळीची टोपली डोक्यावर वाहिल्याने मान अजून ताठ होती.

"ये पोरी. योगी नाय आली?"

"नाही काकी. आत टीव्ही कोणी लावलाय?"

"मना काय म्हाईत? लागला असेल," काकी म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. खोटं बोलायची सवय नसलेलं माणूस जसं पाठ फिरवतं तशी त्यांनी पाठ फिरवली.

तेवढ्यात पोपटशेठ भगत काठी टेकत ओट्यावर आले. चांगदेवचे चाळीस वर्षांचे मित्र आणि तेवढ्याच वर्षांचे वैरी. त्यांच्या लाडक्या कृष्णधवल सिनेमाची पाटी चांगदेवने चौथ्याच्या वर कधी जाऊ दिली नव्हती. पोपटशेठ त्यासाठी दोनदा भांडून गेले होते आणि दोनदा एकेक खिळा कमावून गेले होते.

"माझ्यावर संशय असेल तर विचारून घे," ते म्हणाले. "आता तर माझा पिक्चर पाचव्यावर ढकलला त्याच्या भुताने. मी चढवली असती तर माझीच चढवली असती ना?"

ते खरंच होतं. अमिताने मोबाइलवर आठ फोटो एकापाठोपाठ एक सरकवले.

"शेवटचं भांडण कशावरून झालं तुमचं?"

पोपटशेठ खाली बसले. "सा वर्सं झाली. म्हटलं, त्यातली लावणी ऐक, मंग बोल. तर म्हनाला, गान्याचं मला आता सांगू नको. उठून आत गेला. गान्यासाठी जीव टाकणारा मानूस गं तो! कायतरी लागलं त्याला. मी पुन्हा विषय काढला नाय." त्यांनी काठीच्या मुठीवर हनुवटी टेकली. "इचारायला पायजे होतं."

अमिताने जुन्या पाट्यांचं पोतं मागून घेतलं आणि ओट्यावर तारखेप्रमाणे पाट्या पालथ्या मांडत गेली. शंभरावर भरल्या. सुरुवातीच्या पाट्यांवर चांगदेव नुसता गात होता. ‘दुसऱ्या कडव्यात पेटी पुढे गेली, तबला मागे राहिला.’ ‘हिच्या हसण्याच्या आवाजासाठी दोन नंबर जास्त.’ ‘खलनायकाचा घसा बसलेला, भीती कशी वाटणार?’

मग सहा वर्षांपूर्वीची एक तारीख आली, आणि तिथून पुढे सगळं बदललं. ‘नायिका भाकरी उलटताना रडते, भाकरी करपू देत नाही.’ ‘म्हाताऱ्याचे हात खरे शेतकऱ्याचे.’ ‘शेवटी दोघं एकमेकांकडे बघत नाहीत, तेच चांगलं.’ हात होते, डोळे होते, चुली होत्या, कपडे होते. पुढच्या बेचाळीस पाट्यांत गाणं नव्हतं, आवाज नव्हता, दार करकरलेलं नव्हतं की कुत्रं भुंकलेलं नव्हतं.

दिवसभर आवाज लिहिणाऱ्या बाईला ही शांतता ऐकू आली नसती तरच नवल. 

ती उठली आणि दुसऱ्या खिळ्यावरची पाटी तिने काढली. बाकीच्या पाट्या चौकोनी, कापलेल्या. ही मात्र गोल कोपऱ्यांची, कडेला दुमड घातलेली. डोळे मिटूनही हाताला कळावी अशी. तिने ती उलटी केली.

पाटी कोरी नव्हती.

४

योगिनी शनिवारी दुपारी आली. दहा मिनिटांवर राहत असून तेराव्यानंतर पहिल्यांदाच आली. पोपटशेठ आणि धनेश ओट्यावर आधीच बसले होते. काकी उंबऱ्यात उभ्या.

"कोण आहे सांग," योगिनी म्हणाली. तिने फळीकडे बघायचं टाळलं.

"सांगते, पण आधी एक विचारते. चौथ्या भागात वीज जाते, मिठागराच्या खोपीत मायलेकी अंधारात बोलत बसतात. तिथलं आईचं शेवटचं वाक्य आठवतं?"

योगिनी कडवट हसली. "माझं सगळ्यात आवडतं वाक्य. ते आहेच कुठे? शूटिंगला नटी विसरली, नुसती गप्प बसून राहिली. दिग्दर्शक म्हणाला, गप्पच छान वाटतंय. टीव्हीवर ते वाक्य कोणी ऐकलेलंच नाही."

"ऐकलेलं नाही. वाचलंय." अमिताने खाली मान घातली. "मालिका दीड वर्षापूर्वी ॲपवर आली, टीव्हीवरही लागतं त्या, तेव्हा सबटायटलं मी केली. घाई होती. तुझी संहिता समोर ठेवून उतरवत गेले आणि न बोललेलं वाक्यही खाली टाकून बसले. चूक माझी. कोणी तक्रार केली नाही, कारण कानाने ऐकणारं माणूस तिकडे लक्षच देत नाही. ते वाक्य जगात फक्त अशा माणसाला भेटणार, ज्याला ऐकू येत नाही आणि जो नुसतं वाचतो."

तिने पाटी योगिनीच्या हातात दिली. मागे ऑइल पेंटने, चांगदेवच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं:

‘घरातलं माणूस बोलायचं थांबलं, की आधी दिवा लावून त्याचं तोंड बघावं. — हे वाक्य माझ्या पोरीचं.’

खाली तारीख होती. चांगदेव जाण्याच्या पाच महिने आधीची.

धनेशच्या हातातला मोबाइल कधीच खाली गेला होता.

"पंचवीस वर्षं प्रेस मशीन," अमिता म्हणाली. "कान हळूहळू गेले. आधी टीव्ही मोठा होत गेला, आळी थरथरली. मग काहीच ऐकू येईना, तेव्हा आवाज बंदच केला. पोपटशेठ लावणी ऐक म्हणाले, तर उठून गेले. तू फोनवर का विचारलंस, तर ते ‘जेवलीस काय’ म्हणाले. कारण मुलगी फोन करते तेव्हा बापाने काय विचारायचं असतं, तेवढंच त्यांना आठवत होतं. ती काय बोलतेय ते त्यांना कळतच नव्हतं."

"आणि शेवटचा नंबर?" योगिनीने विचारलं.

"तुझी मालिका टीव्हीवर आली तेव्हा खाली अक्षरं नव्हती. अर्धी मालिका अंधारात बोलण्यावर. त्यांना काय दिसणार? जे दिसलं नाही त्याला ते वरचा नंबर देऊ शकत नव्हते. आणि खोटं कारणही लिहू शकत नव्हते. म्हणून पाटी कोरी ठेवली. पुढे अक्षरं आली, त्यांनी पाहिलं, तेव्हा हे लिहिलं. पण पाटी वर चढवली नाही. भांडायला कोणी आल्याशिवाय चढवायची नाही, ही त्यांचीच रीत. ते तीन वर्षं तुझी वाट बघत होते. दहाव्या खिळ्यावरून ती पाटी काढून टाकली असती, तर तू कशासाठी आली असतीस?"

पोपटशेठनी डोळे पुसले. "मंग आता कोन चढवतं? भूत?"

"ज्याला वाचता येत नाही असं भूत," अमिता म्हणाली. "हे फोटो बघा. आठ आठवडे एकच पाटी हललीये. बाकी नऊ जशा होत्या तशाच एकमेकींच्या मागे आहेत, फक्त खाली सरकल्यात. धनेशला करायचं असतं, तर त्याने नवीन सिनेमे टांगले असते, लोक तेच मागताहेत. पोपटशेठनी स्वतःचा चढवला असता. डब्यातल्या पंधरा पाट्यांना कोणी हात लावलेला नाही, कारण त्यांच्यावर काय लिहिलंय ते त्या माणसाला कळत नाही. त्याला एकच पाटी ओळखता येते, तीही हाताला लागणाऱ्या आकारावरून."

योगिनीने पाटीच्या गोल कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला. दुमडीपाशी एक जुना पोचा होता. ती एकदम म्हणाली, "हे माझ्या डब्याचं झाकण आहे. शाळेच्या. मी हे बालवाडीत आपटलं होतं."

"आणि हे सगळं सुरू झालं आठ आठवड्यांपूर्वी. लिहिणं सोडणार हे तू दोन महिन्यांपूर्वी ठरवलंस, आणि दोनच माणसांना सांगितलंस. एक मी."

सगळ्यांनी उंबऱ्याकडे पाहिलं.

५

पुतळाकाकी बसल्या. ताठ मान पहिल्यांदा थोडी खाली आली.

"माझ्या डोक्यावर हात ठेवून घेतला वचन. कोनाला सांगायचं नाय. समोर बसून बोलला का ते ओठांवरून वळखायचे, म्हनून कोनाला कळला नाय. बहिरा मानूस पिक्चरला नंबर देतो म्हनून लोकं हसतील, पाट्या भंगारात टाकतील. मी नाय सांगितला. अजून नाय सांगितला. ह्या पोरीने आपल्या डोक्याने शोधून काढला, त्याला मी काय करू?"

"आई, मला तरी..."

"तुला तर नायच, म्हनाले. योगी माझ्यासाठी रडल, आनि कीव करून लिहिल. तिला मी भांडायला बोलवनार." काकींनी पदर तोंडाला लावला आणि काढला. "त्या झाकनाच्या मागं दोन दुपारी रंगवत बसले होते. मना वाचता येत नाय. पन रडत होते ते दिसत होता. मंग ते गेले. तू फोनवर म्हनलीस, लिहिनं सोडते. मी काय करू? वचन मोडता येत नाय. पन झाकन हलवायला वचन कुठं घेतला होता? म्हटलं, दर शुक्रवारी थोडी थोडी वर चढवली, तर रागाने तरी येशील, आनि उलटी करून बघशील."

"आणि टीव्ही?" अमिताने विचारलं. "खुर्ची रिकामी होती, काकी."

"मी कवा बसले खुर्चीत? मी खाली, त्यांच्या पायाशी. खिडकीतून कशी दिसनार?"

"पण तुम्हाला ऐकू येतं. मग आवाज का बंद?"

काकींना या प्रश्नाचंच नवल वाटलं. "त्याना ऐकू येत नसताना मी एकटीने ऐकायचा? बरा दिसतो काय? सा वर्सं आमी दोघांनी मुकाच बघितला. ते वाचायचे, मी तोंडं बघायची."

योगिनीला तेव्हा कुठे समजलं. बापाने तिची मालिका ऐकली नव्हती, वाचली होती. आईने ती वाचलीही नव्हती आणि ऐकलीही नव्हती. कित्येक दुपारी, लेकीची म्हणून, नुसती बघितली होती. योगिनी ढसाढसा रडली. बापाच्या मयताला ती एवढी रडली नव्हती.

मग तिने नाक पुसलं, उठली आणि फळीसमोर उभी राहिली. पाटी हातात तशीच होती.

"पयला खिला तुझ्यासाठी ठेवलाय," काकी म्हणाल्या.

"नाही आई. मधले दोन भाग ओढून लिहिलेत मी. बाबा, ऐक... बरं, बघ इकडे." ती फळीकडे तोंड करून, तोंडाची हालचाल नीट दिसावी अशी सावकाश बोलली. "दहावा चुकीचा होता. दुसराही चुकीचा आहे. मी पाचवा मागते. पटतंय?"

पोपटशेठ घाईने म्हणाले, "म्हंजे माझा पिक्चर चौथा?"

"चौथा," योगिनी म्हणाली आणि पाच नंबरच्या खिळ्यावर तिने झाकण अडकवलं. मधल्या तीन पाट्या वर सरकवल्या. त्या दिवशी चांगदेवच्या रीतीप्रमाणे भांडण झालं आणि मिटलं.

नंतर ती आत गेली. खुर्ची तिने रिकामीच ठेवली. आईशेजारी जमिनीवर बसली, चौथा भाग लावला आणि रिमोटचं आवाजाचं बटण दाबलं.

समोरच्या घरात गोजराआजीच्या हातातलं सूप खाली पडलं. सहा वर्षांनी चांगदेवच्या घरातून टीव्हीचा आवाज येत होता. मिठागरावरचा वारा आधी ऐकू आला, मग वीज गेल्याचा गलका, मग अंधारात दोन बायांचं बोलणं. पुतळाकाकी तोंडं बघायची विसरल्या. डोळे मिटून, मान पुढे काढून त्या ऐकत राहिल्या. लेक काय लिहिते ते त्या आज पहिल्यांदा ऐकत होत्या.

शेवटी ती जागा आली. पडद्यावरची नटी गप्प झाली. खाली अमिताच्या चुकीची पांढरी अक्षरं उमटली, काकींना न कळणारी.

योगिनीने रिकाम्या खुर्चीकडे एकदा पाहिलं, आईकडे वळली आणि ते वाक्य स्वतः मोठ्याने म्हणाली.